गाठ काढली, पुढच्या एमआरआयची तारीख कोणती?

महोदय,

मेंदूच्या गाठीच्या ‘यशस्वी’ शस्त्रक्रियेची बातमी रुग्ण घरी गेला की संपते. मेनिन्जिओमाचे तसे नसते. मेंदूच्या आवरणातून उगवणारी ही गाठ बहुतेकदा कर्करोगाची नसते, म्हणून घरचे निर्धास्त होतात. पण चिकटलेल्या आवरणात, कधी हाडातही तिच्या पेशी उरतात. न्यूरोसर्जन डोनाल्ड सिम्प्सन यांनी १९५७ मध्ये मांडलेला हिशेब असा: गाठीसोबत आवरण आणि बाधित हाडही काढले तर ९ टक्के रुग्णांत ती परत आली, आवरण नुसते जाळले तर १९, आवरण तसेच ठेवले तर २९ टक्के. आकडे एमआरआयच्या आधीचे आहेत, पण चढती भाजणी आजही ध्यानात ठेवण्याजोगी.

कवटीच्या तळाशी, डोळ्याच्या नसेला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला बिलगलेला थर सर्जन मुद्दाम सोडतात. तो शहाणपणाच असतो, फक्त रुग्णाला तसे सांगायला हवे. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘गाठ पूर्ण काढली’ एवढेच! तिथे सिम्प्सन ग्रेड (गाठ किती काढली) आणि बायोप्सीची डब्ल्यूएचओ ग्रेड (गाठ किती आक्रमक, १ ते ३) दोन्ही लिहून मागावीत.

पहिला एमआरआय ४८ ते ७२ तासांत व्हावा. नंतर भरत आलेली जखमही कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून दिलेले औषध) शोषते आणि उरलेल्या गाठीसारखी दिसते. पुढे डब्ल्यूएचओ ग्रेड १ असेल तर साधारणपणे पाच वर्षे दरवर्षी, मग दोन वर्षांनी एकदा; ग्रेड २ असेल तर पाच वर्षे दर सहा महिन्यांनी, मग दरवर्षी; ग्रेड ३ असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी. दोन रिपोर्ट चांगले आले की लोक तपासणी सोडतात. गाठ दहा वर्षांनीही परतते.

आणखी एक चूक हमखास होते. ‘मागील तपासणीच्या तुलनेत फरक नाही’ हे वाक्य गेल्या वर्षीच्या स्कॅनशी ताडून लिहिलेले असते. वर्षाला एक मिलिमीटर वाढ त्यात दिसत नाही. सहा वर्षांनी ती सहा मिलिमीटर झालेली असते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा पहिला स्कॅन प्रत्येक वेळी सोबत न्यावा. नुसता कागदी रिपोर्ट चालत नाही, फिल्म पावसाळ्यात चिकटतात, सीडीवर चरे पडतात. मूळ प्रतिमा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. बायोप्सीचे मेणाचे ठोकळे (त्यांत गाठीचा तुकडा जपलेला असतो) कुठे आहेत, त्यांचा नंबर काय, हेही त्याच फाइलमध्ये लिहून ठेवावे.

– न्यूरोसर्जरी विभागातील दोन डॉक्टर, पुणे