स्नॅप शॉट शिकवण्याआधी स्टिक पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दर हिवाळ्यात लडाखमधील आइस हॉकीची छायाचित्रे वृत्तपत्रांतून येतात, आणि २०२५ साली महिलांच्या आशिया चषकात भारतीय संघाने कांस्यपदक मिळवल्यापासून माझ्या तेरा वर्षांच्या नातीनेही या खेळाचा ध्यास घेतला आहे. कोथरूडमध्ये राहणाऱ्या मुलीला रोज बर्फ कोठून मिळणार? ती इनलाइन (एका ओळीत चाके असलेले) स्केट्स घालून सिमेंटच्या रिंकवर सराव करते. तिचा ‘स्नॅप शॉट’ वर्षभर का बसला नाही, हे पाहताना जे लक्षात आले, ते अशा मुलांच्या पालकांना आणि प्रशिक्षकांना सांगावे, म्हणून हे पत्र.

स्नॅप शॉट हा रिस्ट शॉट आणि स्लॅप शॉट यांच्या मधला फटका आहे. रिस्ट शॉटमध्ये पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरली जाणारी चपटी चकती, ब्लेडला (स्टिकच्या खालच्या पात्याला) टेकलेला ठेवून मनगटाने ओढत नेतात, तर स्लॅप शॉटमध्ये स्टिक मागे उंच उचलून सणसणीत टोला हाणतात. स्नॅप शॉटमध्ये ब्लेड पकपासून जेमतेम काही इंच मागे जाते, पकच्या किंचित अलीकडे जमिनीला टेकते, खालचा हात दांडा दाबतो, अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर येतो आणि वाकलेला दांडा सरळ होत असतानाच मनगटांचा झटका बसतो. या फटक्याचे सारे मोल त्याच्या अचानकपणात आहे. स्लॅप शॉटची तयारी दिसताच गोलरक्षक सावरून उभा राहतो, येथे मात्र त्याला तेवढी सवड मिळत नाही.

आमच्या नातीला मात्र वर्षभर एकच सूचना मिळत होती : ‘जोर लाव!’ ती जोर लावी, दात-ओठ खाई आणि पक सिमेंटवरून घरंगळत जाई. पकचे वजन १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढे असते, आणि इनलाइन हॉकीचा पक त्याहूनही हलका असतो, तेव्हा एवढी वस्तू चार फूट उंचीच्या गोलच्या वरच्या कोपऱ्यात जाऊ नये, याचे कारण केवळ मुलीची ताकद कमी, हे असू शकत नव्हते.

कारण स्टिकमध्ये होते, आणि त्यात माझाही वाटा होता. दुकानदाराने ‘वाढतं अंग आहे, मोठीच घ्या, वरून कापून द्या’ असा सल्ला दिला. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेण्याची आपली जुनी सवय असल्याने मला तो पटला आणि घरी येऊन हॅकसॉने मी स्टिक चार इंच कापली. स्टिकवर ‘फ्लेक्स’ म्हणून एक आकडा छापलेला असतो. दांडा एक इंच वाकवण्यासाठी किती पौंड जोर लागतो, ते तो आकडा सांगतो, आणि खेळाडूच्या पौंडांतील वजनाच्या निम्म्याच्या आसपास तो असावा, असा ढोबळ ठोकताळा आहे. नातीचे वजन चाळीस किलो, म्हणजे ८८ पौंड. तिला ४४च्या आसपासची स्टिक हवी होती, पण तिच्या हातात ७५ची होती. त्यातच दांड्याची लांबी कमी केली की त्याचा ताठपणा घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे माझ्या हिशेबाने तो आकडा नव्वदीत गेला होता. भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षे स्प्रिंगांची गणिते केलेल्या माणसाने हे विसरावे, याची मला आजही लाज वाटते. न वाकणारा दांडा ती वर्षभर दाबत राहिली, आणि जो वाकलाच नाही तो उसळी कोठून देणार?

पुढे ४०च्या फ्लेक्सची स्टिक आणली. जुन्या दाराची सनमायका लावलेली फळी पार्किंगमध्ये आडवी टाकली, तिच्यावर कॅरमची पावडर भुरभुरली आणि रोज पन्नास फटके सुरू केले. तिसऱ्या आठवड्यात पक प्रथमच भिंतीवर कंबरेच्या उंचीवर आदळला. (सोसायटीच्या अध्यक्षांनी त्या भिंतीविषयी मला वेगळे पत्र दिले आहे.)

दुसरी अडचण आपल्या मैदानी हॉकीच्या परंपरेतून येते. खडकी-पिंपरीच्या मैदानांवर वाढलेली माणसे प्रशिक्षणात मदत करतात, आणि त्यांच्या कळकळीविषयी मला आदरच आहे. परंतु मैदानी हॉकीच्या हिटमध्ये दोन्ही हात मुठीपाशी एकत्र येतात आणि स्टिक मागून वेगाने फिरते, त्या स्टिककडून वाकण्याची अपेक्षाही नसते. स्नॅप शॉटमध्ये हात दूर ठेवावे लागतात, कारण वरचा हात टोकाला धरून खालच्या हाताने दाबले, तरच दांडा वाकतो. मुलांचे हात नकळत जवळ येतात, ते कोणी दुरुस्त करत नाही, आणि मग पुन्हा ‘जोर लाव’ हीच सूचना ऐकू येते.

पालकांनी दुकानातच एक साधी परीक्षा घ्यावी : मुलाने स्टिक जमिनीला टेकवून वरचा हात टोकाशी ठेवावा आणि खालच्या हाताने दांडा दाबावा. तो डोळ्यांना दिसेल इतका वाकला नाही, तर ती स्टिक कितीही महाग असली तरी घेऊ नये. आणि महापालिकेच्या स्केटिंग रिंकच्या व्यवस्थापनास विनंती आहे की, संध्याकाळचे वर्ग संपल्यावर आठवड्यातून दोन दिवस एका कोपऱ्यात जाळी आणि गुळगुळीत फळी ठेवून मुलांना तासभर फटक्यांचा सराव करू द्यावा. आमची फळी मी त्यासाठी आणून देईन.

आपला,
एक निवृत्त अभियंता, कोथरूड, पुणे