तो आवाज माझाच होता

मालवण,
आषाढ, भर पावसात

प्रिय बाबल्या,

दीड वर्षात पत्र नाही, फोन नाही. शिव्या घाल मेल्या, पण पुढचं वाच. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो.

भाताची लावणी सुरू झाली, लेप्टोची, म्हणजे उंदरांमुळे येणाऱ्या तापाची भीती, म्हणून सरपंचांनी रिक्षावरच्या भोंग्यासाठी मजकूर मागितला. त्यांना हवं होतं, ‘लेप्टोविरुद्ध महायुद्ध!’ जुनी वही काढली तर २०२० सालचं, कोरोनातलं माझंच अक्षर: ‘शत्रू वेशीवर आहे, लक्ष्मणरेषा ओलांडू नका.’ लक्ष्मणरेषा २४ मार्चच्या मोदींच्या भाषणातून उचललेली. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, महाभारताचं युद्ध १८ दिवसांत जिंकलं, हे २१ दिवसांत जिंकायचं. आपण दशावतारवाले, युद्ध म्हटलं की अंगात येतंच.

पण युद्ध म्हटलं की राक्षस लागतो. विषाणू काय दिसतो? मुंबईची गाडी दिसते. मे महिन्यात तू आलास आणि शाळेत चौदा दिवस अडकलास. काकी गडग्यावर डबा ठेवून मागे सरायची, तू खिडकीतून बघायचास. बाहेर भोंगा: ‘बाहेरून आलेल्यांपासून सावध!’ तू हसत विचारलंस, “आवाज तुझोच मां?” मी म्हटलं, रेकॉर्ड तालुक्यावरून आलंय. खोटं बोललो रे. (नाटकात राक्षसाचं काम नेहमी मलाच का, म्हणून तू भांडायचास, ते तेव्हाही आठवलं होतं.)

दोडामार्गात माकडतापाचं तेच. चावते गोचीड, नाव माकडाचं, आणि त्या तापाने ते बिचारंही मरतं. उद्या ‘महायुद्ध’ म्हटलं तर लोक काठ्या घेऊन उंदरांमागे धावतील, अनवाणी.

म्हणून मी साधं लिहिलं: उंदराच्या मुतातला जंतू चिखलात येतो, पायाच्या चिरेतून अंगात शिरतो. गमबूट घाला. ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आशाताई देतील ती डॉक्सीसायक्लिन त्या सांगतील तशी घ्या. सरपंच म्हणाले, “ह्येच्यात दम नाय.” तासभर वाद झाला, दोन चहा गेले.

चिनूचं कॉलेज कुठलं ठरलं? खोलीच्या रिडेव्हलपमेंटचं पुढे सरकलं का? वहिनींना नमस्कार. गणपतीला या, काकीच्या घराची कौलं मी शाकारून घेतली आहेत.

तुझाच,
नाना

ता. क. ‘महायुद्ध’ त्यांनी सुरुवातीला ठेवलंच. बाकी मजकूर माझा. रेकॉर्डिंग उद्या, आणि आवाजही माझाच मागितलाय.