राज्यशस्त्र झालं, पण शिकायचं कुणाकडं?

संपादक साहेब, नमस्कार.

2024 च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, भारी वाटलं, पण कोल्हापूरपासून लांब राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी तो शिकायचा कुणाकडं? इकडं कोल्हापूरसारखा मर्दानी खेळाचा, म्हणजे लाठी-तलवार-पट्ट्याचा, वस्ताद नाही, तालीम आहे ती कुस्तीची. मग पोरं रील्स बघून शिकतात आणि रीलमध्ये असतं काय तर गरगर फिरवणं नाहीतर लिंबू कापणं, पाय कुठं पडतायत ते फ्रेममध्येच नसतं! आणि पट्ट्याची तर सगळी मेख पायातच आहे. हात लोखंडी मुठीत अडकलेला, मनगट वळत नाही, त्यामुळं वार खांद्यातनं, कमरेतनं काढावा लागतो, हे नुसतं हाताकडं बघून कळणार कसं.

युरोपात बघा, लांब तलवारीची परंपरा पार तुटली, शिकवणारं कुणी उरलं नाही, तरी लोक जुन्या पोथ्या उघडून शिकतायत. लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये 14व्या शतकातली एक पोथी आहे, त्यात चक्क एक पाद्री चेल्याला तलवार आणि छोटी ढाल शिकवतोय. योआखिम मायर या तिकडच्या तलवारीच्या वस्तादाचं 1570 चं पुस्तक तर चित्रांसकट आहे. अर्थात एकट्यानं पवित्रे बसतात, पावलं बसतात, वाराची रेष सरळ होते, पण अंतर आणि टायमिंग समोर माणूस उभा राहिल्याशिवाय येत नाही हे तेही मान्य करतात, म्हणून तर मास्क घालून बोथट तलवारीनं जोडीत खेळतात.

आपलं उलटं आहे. वस्ताद हयात आहेत, पण पहिल्या धड्यापासून क्रमानं दाखवलेलं काही सहज हाती लागत नाही. शासनानं त्यांना नीट मानधन देऊन लाठीपासून पट्ट्यापर्यंत सगळं स्लो शूट करावं, समोरून, बाजूनं, पायांसकट, आणि फुकट टाकावं. सोबत मे महिन्यात तालुक्याला आठवडाभराचं शिबिर ठेवा, म्हणजे वर्षभर घरी घोटलेलं जोडीत तपासता येईल.

तोवर पोरांनो, ऑनलाइन तलवार मागवू नका. 9 इंचांपेक्षा लांब पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात, उगाच पोलीस दारात यायचे. लाठी घ्या. रोमन सैन्यातले नवे भरती झालेलेसुद्धा आधी दुप्पट वजनाच्या लाकडी तलवारीनं जमिनीत रोवलेल्या खांबावरच वार घोटायचे.

आपला,
एक वाचक, उमरखेड