हेड्रियनच्या भिंतीवर भेटलेल्या अनोळखी मदतनीसांचे आभार

गेल्या जूनमध्ये आम्ही पाच मैत्रिणी ब्रिटन पाहायला गेलो होतो. लंडन आणि यॉर्क पाहून झाल्यावर नॉर्थम्बरलँडमध्ये पोहोचलो. रोमन सम्राट हेड्रियनच्या आज्ञेने इ. स. 122 मध्ये बांधायला घेतलेली, सुमारे 117 किलोमीटर लांबीची भिंत हाउसस्टेड्स किल्ल्याजवळ कड्यांच्या माथ्यावरून चढत-उतरत जाते (आम्हा सातारकरांना गडाच्या तटबंदीचीच आठवण झाली), आणि तिथल्याच एका ओल्या पायरीवर आमच्यातील एकीचा घोटा मुरगळला. पाऊस भुरभुरत होता आणि मोबाइलला रेंज नव्हती.

मागून येणाऱ्या एका वयस्क जोडप्याने तिच्या घोट्याला क्रेप बँडेज बांधले, थर्मासमधला गरम चहा पाजला, स्वतःची काठी तिच्या हाती दिली आणि तासभर तिच्या संथ चालीने चालत आम्हाला रस्त्यापर्यंत आणून सोडले. तिथे बसचालकाने आमच्यासाठी गाडी थांबवून धरली. त्या गडबडीत कोणाचेही नाव विचारायचे राहून गेले, काठीही आमच्याकडेच राहिली. मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली ती काठी आज मैत्रिणीच्या घरी दाराशी जपून ठेवलेली आहे. त्या तिघांचे आम्ही पाचही जणी अंतःकरणापासून आभार मानतो.