लांडग्याचे केस उलटे उगवतात

महोदय,

पडद्यावर माणसाचा लांडगा होताना पाहायची ओढ आहे ती देहाच्या फरफटीमुळे. संगणकावर बनवलेल्या दृश्यात नेमकी तीच गुळगुळीत होते. १९४१च्या ‘द वुल्फ मॅन’साठी रंगभूषाकार जॅक पिअर्स नटाच्या चेहऱ्यावर याकचे केस थराथराने चिकटवत. दर थरानंतर थोडे चित्रण, मग एक चित्र दुसऱ्यात विरवायचे. नट तसूभर हलला की आकृती दुहेरी! १९८१च्या ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’मध्ये रंगभूषाकार रिक बेकर यांनी रबरी कातडीतून केस आत ओढले आणि फिल्म उलटी फिरवली; म्हणून ते उगवताना दिसतात. तेही भरउजेडात, अंधाराच्या आडोशाशिवाय. त्यांना ऑस्कर मिळाले, ते योग्यच. आणि हो, माणूस लांडगा कधी होतो हे सांगणाऱ्या, १९४१च्या चित्रपटातील पद्यात पौर्णिमा नाही. ती १९४३च्या पुढच्या भागात आली.

– एक वाचक