विल्माताईंचं नाणं आणि बेल गावचा नळ

मा. मंत्रिमहोदय,
अंतर्गत खाते, अमेरिका सरकार

सप्रेम नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची, आता ओक्लाहोमातल्या तल्साची मतदार. इथल्या माझ्या मराठी माणसांनीही वाचावं म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे.

परवा वाण्याकडे सुट्ट्या पैशांत २०२२ सालचं पाव डॉलरचं नाणं हाती आलं. त्यावर विल्मा मॅनकिलर आहेत, इथल्या चेरोकी या मूळनिवासी राष्ट्राच्या पहिल्या महिला प्रमुख. अंगाभोवती शाल, नजर दूरवर, बाजूला सात टोकांचा तारा आणि चेरोकी लिपीत 'चेरोकी राष्ट्र' ही अक्षरं. त्या अक्षरांवरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. ज्या सरकारने १८३८-३९ मध्ये या लोकांना हजारो मृत्यूंच्या वाटेने आपल्या मुलखातून हाकललं, त्याच सरकारच्या टांकसाळीत ती कोरली गेली. याचा मला मनापासून आनंद आहे.

पण विल्माताईंचं बालपण आपल्याच खात्याशी जोडलेलं आहे. ओक्लाहोमातल्या त्यांच्या घरात वीज नव्हती, नळ नव्हता. १९५६ मध्ये मूळनिवासींना शहरांत हलवण्याच्या खात्याच्या योजनेने या कुटुंबाला सॅन फ्रान्सिस्कोला नेलं. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. वीस वर्षांनी त्या परतल्या आणि पुढे बेल या छोट्या चेरोकी गावात कामाला लागल्या.

गावाला काय हवंय, हे त्यांनी गावालाच विचारलं. गाव म्हणालं, पाणी. सुमारे सोळा मैलांची जलवाहिनी टाकायची ठरली. पैसा सरकारी, अंगमेहनत गावाची. ही माणसं कामाला येणारच नाहीत, असं म्हणणारे पुष्कळ होते. माणसं आली. घरोघरच्या बायका-पुरुषांनी चर खणले, पाइप टाकले. चेरोकीत याला 'गाडूगी' म्हणतात. आमच्याकडे शेतकरी एकमेकांच्या रानात इर्जिक घालतात, तेच हे. त्याआधी १९७९ च्या मोटार अपघातानंतर विल्माताईंवर सतरा शस्त्रक्रिया झाल्या होत्या, हे मुद्दाम सांगते.

बेलच्या कामातूनच त्या पुढे आल्या. १९८३ च्या निवडणुकीत बाई नको म्हणून त्यांच्या गाडीचे टायर फाडले, जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. तरी त्या उपप्रमुख झाल्या, १९८५ मध्ये प्रमुख. १९९१ मध्ये तर त्यांना ऐंशी टक्क्यांहून जास्त मतं मिळाली.

आता मागणं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की नवाहो या दुसऱ्या मूळनिवासी राष्ट्राला पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलणं १८६८ च्या कराराने सरकारवर बंधनकारक नाही. बंधन नाही, पण मनाईही नाही. तिथल्या कित्येक घरांत आजही पिंपं गाडीत घालून पाणी आणावं लागतं. त्यांच्यासाठी निधी द्या. आणि तो देताना आराखडा, माणसं नेमणं, खर्चाचा निर्णय, सगळं त्यांच्याच हाती ठेवा. मूळनिवासी राष्ट्रांच्या प्रत्येक पाणीयोजनेला हाच नियम लावा. विल्माताईंनी १९९० मध्ये केंद्र सरकारशी स्वशासनाचा करार केला, तो याच हक्कासाठी.

ते नाणं मी खर्च केलेलं नाही. नवाहोंच्या घरी नळ कधीपर्यंत पोचेल, याचं तारखेसह उत्तर आपण द्यावं, ही विनंती.

आपली,
तल्साची एक मराठी मतदार