दुसऱ्या हातातलं घड्याळ

संपादक महोदय, स.न.

तुमच्या पेपरात रोज 'आजच्या दिवशी' म्हणून छोटी चौकट येते ती मी न चुकता वाचतो, हल्ली नातही वाचते, आणि हे पत्र त्यावरूनच. मी इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही. सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे व्हाउचर बघितल्याशिवाय नोंदीवर टिक करायची नाही ही खोड काही जात नाही.

नातीला दुसऱ्या महायुद्धावर प्रोजेक्ट होता. तिने नेटवरून तो प्रसिद्ध फोटो काढला, बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे संसदेच्या इमारतीवर, सोव्हिएत सैनिक लाल झेंडा लावतोय आणि खाली सगळं शहर उद्ध्वस्त. मोबाइलवर झूम करत बसली होती, मधेच म्हणाली आबा, या झेंडेवाल्याला खालून धरलंय ना त्या माणसाच्या दोन्ही हातांत घड्याळ आहे. मी म्हटलं असेल काहीतरी, तू पुढचं लिही. दहा मिनिटांनी परत आली, दुसरीकडे तोच फोटो सापडला होता, त्यात उजव्या हातातलं घड्याळ गायब आणि मागे काळा धूर कितीतरी जास्त! "म्हणजे फेक आहे ना हा?"

आता याचं उत्तर हो पण नाही आणि नाही पण नाही. फोटोग्राफर येवगेनी खाल्देई. झेंडा पहिल्यांदा लागला 30 एप्रिल 1945 च्या रात्री, अंधारात आणि लढाई चालू असताना, तेव्हा कसला फोटो. खाल्देईने 2 मे ला वर जाऊन सैनिकांना उभं करून फोटो काढले, झेंडा त्याने स्वतःच मॉस्कोहून नेला होता, टेबलक्लॉथचं लाल कापड शिवून केलेला. फोटो छापायच्या आधी लक्षात आलं की दोन हातांत दोन घड्याळं म्हणजे लोक म्हणणार लुटलेलं आहे, म्हणून सुईने निगेटिव्हवरचं एक घड्याळ खरवडून काढलं आणि धूर वाढवला. नंतर काहींनी असंही सांगितलं की ते घड्याळ नव्हतंच, मनगटावर बांधायचं होकायंत्र होतं. घ्या, म्हणजे खोडलं काय यावरही वाद!

पण बर्लिन पडलं हे तर खरंच आहे. मी नातीला एवढंच म्हटलं की हा फोटो 30 एप्रिलच्या रात्री काय झालं याचा पुरावा म्हणून कच्चा आहे, पण मे 1945 मध्ये मॉस्कोला जगाला काय दाखवायचं होतं आणि काय लपवायचं होतं याचा याच्याइतका पक्का पुरावा शोधून सापडणार नाही. व्हाउचर खोटं निघालं म्हणून कोणी फाडून टाकत नाही हो, उलट तेच जपून ठेवतात, कारण कोणी केलं, कधी केलं, कशासाठी केलं हे त्यातूनच कळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. हजार वर्षांपूर्वीचा ताम्रपट निघाला की आपण लगेच विचारतो कोणी लिहिला, कोणासाठी, नंतर कोणी अक्षरं घुसडली का. आणि शंभर वर्षांच्या आतलं काही असलं की हे सगळे प्रश्न बासनात, कारण फोटो आहे, व्हिडिओ आहे, आजोबांनी स्वतः बघितलंय! हल्ली तर दोनच बटणं उरलीत, खरं नाहीतर फेक, आणि एक बटण दाबलं की विचार संपला. खरं तर जवळच्या इतिहासातच पुरावा इतका ढिगाने असतो की ज्याला जे पाहिजे त्याचा फोटो मिळतोच. आणि फक्त सोव्हिएतवाल्यांनाच धरायला नको. जपानच्या इवो जिमा बेटावरचा अमेरिकन झेंड्याचा फोटो 23 फेब्रुवारी 1945 चा, तो त्या दिवशीचा दुसरा झेंडा होता, पहिला छोटा म्हणून उतरवला होता, आणि फोटोतले सहा जण नक्की कोण ही नावं अमेरिकन मरीन कोअरने 2016 ला दुरुस्त केली आणि 2019 ला परत केली. इतका छापलेला फोटो तरी ही गत.

दुसरी गंमत "कारणाची". बर्लिनची भिंत का पडली विचारा, कोणी म्हणतं अमेरिकन अध्यक्ष रेगनच्या 'भिंत पाडा' या भाषणामुळे, कोणी म्हणतं सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हमुळे, आणि सगळ्यांच्या बोलण्यात असं की पडणारच होती. पडणारच होती तर पूर्व जर्मनीचा प्रमुख होनेकर जानेवारी 1989 मध्ये कशाला म्हणाला असता की कारणं तशीच राहिली तर भिंत अजून 50 काय 100 वर्षंही राहील? रेगनचं भाषण जून 1987 चं, त्यानंतर सव्वादोन वर्षं भिंत हलली नाही. मग सप्टेंबर 1989 मध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाकडची सीमा उघडली आणि पूर्व जर्मनीचे लोक तिकडून निघून जायला लागले, 9 ऑक्टोबरला पूर्व जर्मनीतल्याच लाइपझिगमध्ये साधारण 70,000 लोक रस्त्यावर उतरले तरी गोळीबार झाला नाही. आणि शेवटी 9 नोव्हेंबरच्या संध्याकाळी पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता शाबोव्स्की याच्या हातात प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद, नियम लागू होणार होते दुसऱ्या दिवसापासून आणि तेही अर्ज वगैरे करून, याला ते कोणी नीट सांगितलंच नव्हतं. पत्रकाराने विचारलं कधीपासून, तर कागद चाळत म्हणाला माझ्या माहितीप्रमाणे लगेच! त्याच रात्री माणसं नाक्यांवर जमली आणि साडेअकराच्या सुमाराला बॉर्नहोल्मर रस्त्यावरच्या अधिकाऱ्याने वरून स्पष्ट आदेश नसताना फाटक उघडलं. यातलं मुख्य कारण कुठलं? मला विचाराल तर हंगेरीशिवाय बाकीचं झालं नसतं, पण त्या कागदाच्या घोळाशिवाय त्याच रात्री झालं नसतं, दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलांना मात्र आपण "कारणे लिहा" म्हणून पाच ओळी पाठ करायला देतो आणि पाचही ओळी सारख्याच वजनाच्या.

आणि एक गोष्ट जिचा मला फार राग येतो, नवीन माहिती आली की "इतिहास बदलतायत" म्हणून ओरड. अहो कपाटं नंतर उघडतात! 1962 च्या क्युबा प्रकरणात (सोव्हिएतने तिथे अमेरिकेच्या दाराशी क्षेपणास्त्रं ठेवली होती ते) पंचवीसेक वर्षं जगाला एवढंच माहीत होतं की अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ठाम राहिले आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हने क्षेपणास्त्रं निमूट परत नेली. नंतर बाहेर आलं की 27 ऑक्टोबरला अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना भेटून तुर्कस्तानातली अमेरिकन ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढायचं तोंडी कबूल केलं होतं, अट एकच, बोलायचं नाही. 1963 च्या एप्रिलपर्यंत ती निघालीसुद्धा. मधल्या काळात "वाकायचं नाही म्हणजे समोरचा वाकतो" हा धडा किती जणांनी त्या अर्ध्या हिशेबावरून घेतला असेल.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर (रागावू नका) 1983 मध्ये श्टेर्न या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या डायऱ्या म्हणून छापल्या, त्यासाठी लाखो मार्क मोजले होते, एका नामवंत इतिहासकारानेही आधी अस्सल म्हणून सांगितलं, आणि तपासल्यावर कागदच युद्धानंतरचा निघाला. कागद बघायचं काम सगळ्यात शेवटी केलं.

म्हणून विनंती एवढीच की 'आजच्या दिवशी'च्या चौकटीत जागा कमी असते मान्य आहे, पण फोटो छापलात तर तो कधी काढला आणि कोणी काढला ही एक ओळ टाका, घटनेची तारीख आणि फोटोची तारीख वेगळी असेल तर दोन्ही टाका. नातीने तिच्या प्रोजेक्टमध्ये दोन्ही फोटो शेजारी शेजारी चिकटवले, मधे बाण काढून लिहिलं "इथलं घड्याळ कुठे गेलं?" बाईंनी त्यावर लाल पेनने शेरा मारलाय, एकच फोटो पुरे.

आपला,
एक जुना वाचक